वंदनेला परवाना कशाला?

वैशाख पौर्णिमेनंतरचा रविवार होता. आमच्या चाळीतील आठ कुटुंबे मिळून आम्ही सोपाऱ्याला गेलो होतो. सोबत भाकरी-ठेचा, उकडलेली अंडी, लहान मुले आणि दोन म्हाताऱ्या आज्या. गावकरी ज्याला बुरुड राजाचा कोट म्हणतात तो म्हणजेच आपला सोपाऱ्याचा स्तूप. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो खणला. आत दगडी पेटी निघाली, तिच्यात भिक्षापात्राचे तुकडे आणि बुद्धाच्या लहान कांस्यमूर्ती होत्या. सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही याच सोपाऱ्यात मिळाला. आम्ही त्रिशरण-पंचशील घेतले, डबे उघडले, मुले गवतात हुंदडली.

दुपारी वसईचा किल्ला पाहावा म्हणून निघालो. वाटेत पापडी लागली. उन्हाने आज्या थकल्या, म्हणून चर्चपासून थोडे पुढे एका घरापाशी थांबलो आणि पाणी मागितले. घरातल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी पडवीत सतरंजी अंथरली, कळशीभर गार पाणी आणून ठेवले. आमच्यातला एक तरुण फिटर आहे, वाचनाचा नाद असलेला. पाणी पिता पिता तो म्हणाला, “आपले दंतधातू कुटणारे हेच लोक ना?” आवाज जरा मोठा होता. आम्ही शरमलो.

म्हातारबाबा रागावले नाहीत. ते म्हणाले, “बाळा, आमच्या पूर्वजांतला कोण धाकाने ख्रिस्ती झाला आणि कोण मनाने, ते आता कोणाला ठाऊक? पण १७३९ साली पोर्तुगीज वसईतून गेले. धाक गेला. आमची माणसे मात्र चर्चला जातच राहिली. मग आज तरी हा धर्म आमचा आहे की नाही?”

कोणी काही बोलले नाही. तेवढ्यात आमच्यातली आठवीतली मुलगी म्हणाली, “पण काका, लोकांनी कोणाला हात जोडायचे याची सरकारला एवढी पंचाईत कशाला?”

प्रश्न साधा होता, पण आम्हा मोठ्यांना त्याचे उत्तर चटकन देता आले नाही. घरी आल्यावर पुस्तके चाळली, जाणत्यांना विचारले. वाचकहो, जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवतो.

वसई आणि गोव्याची कहाणी

डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर दोनशे वर्षे वसई ही त्यांच्या उत्तर फिरंगाणाची राजधानी होती. आलेले लोक नुसते व्यापारी नव्हते. राजाचा धर्म तोच प्रजेचा धर्म, अशी त्या काळी युरोपातील बहुतेक राजांची समजूत होती. दुसरे दैवत मानणारा माणूस त्यांना अर्धा बंडखोर वाटे. गोव्याच्या तिसवाडी बेटावरची देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वराच्या लेणीत चर्च थाटले गेले. १५५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाचा कायदा आला. ज्या हिंदू मुलांचे आईबाप आणि आजीआजोबा वारले असतील, त्यांना ताब्यात घेऊन बाप्तिस्मा द्यावा, असा तो कायदा. ज्या पोराला कोणी उरले नाही, त्याच्यावर सरकारने आधी हात टाकला.

१५६० साली गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे धर्माची चौकशी करणारे न्यायालय, बसले. वसई, दमण, दीव ही ठाणीही त्याच्या कक्षेत होती. मधली चार वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत ते चालले. त्याने चालवलेले खटले १६ हजारांहून अधिक भरतात. ते बंद झाल्यावर त्याची बहुतेक दप्तरे जाळून टाकण्यात आली. तरीही जे कागद उरले त्यांच्या आधारे आपले मराठी संशोधक अ. का. प्रियोळकर यांनी १९६१ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला.

हे न्यायालय मुख्यतः ख्रिस्ती झालेल्यांवर नजर ठेवी. बाप्तिस्मा घेतला, पण जुने काही घरात शिल्लक आहे का, हे तपासायचे. १७३६ चा त्यांचा जाहीरनामा वाचला तर आपल्या आयाबहिणींना हसावे की रडावे कळणार नाही. लग्नात जुन्या चालीच्या ओव्या म्हणायच्या नाहीत. पुरुषांनी धोतर नेसायचे नाही, बायकांनी चोळी घालायची नाही. दारात तुळस नको. भात मीठ न घालता शिजवून वरून मीठ घ्यायचे नाही, कारण ती हिंदूंची रीत! सरकार माणसाच्या मनात शिरू शकत नाही, म्हणून ते चुलीपाशी जाऊन बसते. आणि चुलीपाशी काय चालले आहे हे सरकारला कोण सांगणार? शेजारी, मोलकरीण, रुसलेला भाऊबंद. आरोपीला फिर्यादीचे नावही सांगत नसत. शेजाऱ्याने शेजाऱ्याला भ्यावे, हीच या राज्यकारभाराची खरी ताकद होती.

या जात्यात फक्त इथलेच लोक भरडले गेले असे नाही. गार्सिया द ओर्ता हा नामांकित पोर्तुगीज वैद्य. मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने १५६३ साली गोव्यात पुस्तक छापले. त्याचे घराणे मूळचे यहुदी, सक्तीने ख्रिस्ती झालेले. तो १५६८ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, छुपी यहुदी ठरवून जिवंत जाळले. १५८० मध्ये त्याची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून जाळली. मेलेल्यालाही सुटका नाही!

दुसरा शार्ल देलों, दमणमध्ये राहणारा फ्रेंच डॉक्टर. तो कॅथलिकच होता. बाप्तिस्मा, मूर्ती आणि इन्क्विझिशनचा न्याय यांबद्दल तो चारचौघांत मोकळेपणी बोलला, म्हणून पकडला गेला. जानेवारी १६७४ मध्ये त्याला दमणहून आपल्या वसईत आणून तुरुंगात ठेवले आणि मग गोव्याला नेले. दोन वर्षांनी शिक्षा झाली. सुटल्यावर १६८७ साली त्याने पुस्तक लिहिले आणि साऱ्या युरोपला हा कारभार कळला.

दंतधातूची गोष्ट

आमच्या फिटरने जी गोष्ट काढली तीही खरी आहे. १५६० साली गोव्याचा व्हाइसरॉय कोन्स्तान्तिनु द ब्रागान्सा याने श्रीलंकेतील जाफन्यावर स्वारी केली. लुटीत एक दात मिळाला. तो तथागतांचा दंतधातू असल्याचे सांगण्यात आले. ब्रह्मदेशातील पेगूच्या राजाने तो परत मिळावा म्हणून प्रचंड रक्कम देऊ केली. गोव्याचा खजिना रिकामा होता, सरदारांना पैसा हवा होता. पण आर्चबिशपने विरोध केला. १५६१ मध्ये सर्वांसमक्ष तो दात खलात कुटला, निखाऱ्यांवर जाळला आणि राख नदीत टाकली. सिंहली बौद्धांची श्रद्धा अशी, की खरा दंतधातू आधीच सुरक्षित हलवला होता आणि तोच आज कॅंडीच्या विहारात आहे.

कुटला गेला तो दात कोणताही असो. कुटणाऱ्याचा हेतू स्पष्ट होता. दूरदेशीच्या माणसाची श्रद्धा ठेचायची, आणि ती सर्वांच्या डोळ्यांदेखत ठेचायची.

पण हे करणारे पापडीचे म्हातारबाबा नव्हेत. वसईचे कुपारी, वाडवळ, कोळी ख्रिस्ती आपल्या बोलीत बोलतात, मराठीत प्रार्थना करतात. याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० मध्ये मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला तेव्हा तहात मागे राहणाऱ्या ख्रिस्ती प्रजेच्या उपासनेची मुभा मान्य केली होती, हेही विसरून चालणार नाही. पेशवाईने आपल्या बापजाद्यांच्या गळ्यात काय अडकवले ते आपण जाणतो, तरी जे होते ते होते म्हणावे.

नावे बदलली, रीत तीच

हा जुना इतिहास झाला असे कोणी म्हणेल. मग जवळचा पाहू. १९६३ साली दक्षिण व्हिएतनाममध्ये दिएम यांचे राज्य होते. प्रजा बहुसंख्येने बौद्ध, राज्यकर्ता कॅथलिक. बुद्धजयंतीला हुए शहरात बौद्ध ध्वज लावायला बंदी झाली. ८ मे रोजी निषेध करणाऱ्या जमावावर बळ वापरले गेले आणि माणसे मेली, त्यांत मुलेही होती. ११ जूनला सायगावच्या चौकात थिच क्वांग डुक या वृद्ध भिक्खूंनी स्वतःला जाळून घेतले. नोव्हेंबरमध्ये ती राजवट कोसळली.

मग १९७५ मध्ये कम्युनिस्ट आले, देव न मानणारे. भिक्खूंना मोकळीक मिळाली का? १९८१ मध्ये सरकारने आपल्या देखरेखीखालचा एकच बौद्ध संघ मान्य केला. जुना स्वतंत्र संघ बेकायदा ठरला. त्याचे थिच क्वांग दो यांची पुढची अनेक वर्षे तुरुंगात, हद्दपारीत आणि नजरकैदेत गेली. २०२० मध्ये ते वारले. त्यांचा गुन्हा एवढाच, की सरकारी शिक्क्याचा बौद्ध व्हायला त्यांनी नकार दिला.

तिबेटमध्ये १९९५ च्या मे महिन्यात सहा वर्षांच्या गेंदुन चोक्यी न्यिमा या मुलाला चिनी सरकारने ताब्यात घेतले, कारण दलाई लामांनी त्याला पंचेन लामा म्हणून ओळखले होते. त्यानंतर तो जगापुढे आला नाही. २००७ मध्ये चीनने नियमच केला, की लामाच्या पुनर्जन्मालाही सरकारची मंजुरी लागेल! रशियात २०१७ मध्ये यहोवाच्या साक्षीदारांचा पंथ न्यायालयाने बंद केला, आणि घरात बसून प्रार्थना करणाऱ्यांना पुढे कैद झाली.

आणि बौद्ध म्हणवणाऱ्यांनी आपल्या घरातलाही केर काढावा. म्यानमारमध्ये बहुसंख्य जनता बौद्ध. तिथल्या लष्कराने २०१७ मध्ये रोहिंग्या मुसलमानांची गावे जाळली. सात लाखांहून अधिक माणसे बांगलादेशात पळाली. काही चीवरधारींनी या द्वेषाला खतपाणी घातले. तथागतांच्या करुणेचा याहून मोठा अपमान कोणता?

म्हणजे सत्ता कॅथलिक असो, निरीश्वरवादी असो की बौद्ध, प्रजेने आपल्याखेरीज दुसऱ्या कशाला मोठे मानलेले हुकूमशहाला सोसत नाही. लोक एकत्र जमतात, आपला पुढारी आपण निवडतात, आपली वर्गणी आपण गोळा करतात, आणि मरणालाही न भिण्याचे बळ त्यांना कुठून तरी मिळते. त्याची भीती त्याला वाटते. आमच्या आठवीतल्या लेकीच्या प्रश्नाचे उत्तर हे.

आपल्या दाराशी

आपला देश हुकूमशाहीत नाही. बाबासाहेबांच्या संविधानाचे २५ वे कलम प्रत्येकाला सद्सद्विवेकाचे आणि आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे, सांगण्याचे स्वातंत्र्य देते. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो माणसांनी धम्मदीक्षा घेतली तेव्हा धर्म बदलू का म्हणून कोणी सरकारदरबारी अर्ज केला नव्हता.

तरी त्या दीक्षेची किंमत आपण मोजली. अनुसूचित जातींच्या सवलती बौद्ध होताच केंद्राकडून बंद झाल्या. जात गेली नव्हती, गावचा पाणवठा खुला झाला नव्हता, पण कागदावर बौद्ध लिहिले की सवलत जाई. म्हणून कित्येक घरांत भिंतीवर बुद्ध आणि दाखल्यावर ‘हिंदू महार’ अशी कुचंबणा चालली. १९९० मध्ये कायदा बदलला तेव्हा ती संपली.

आणि आता शेजारच्या गुजरातेत पाहा. ८ एप्रिल २०२४ रोजी तिथल्या गृहखात्याने परिपत्रक काढले, की हिंदू धर्म सोडून बौद्ध होणाऱ्याने २००३ च्या कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी. बौद्ध धर्म वेगळा आहे हे त्यात मान्य केले, ही एक गोष्ट बरी झाली. पण परवानगी? आमच्या सहलीतल्या एका मावशींची सून वापीकडची. तिच्या माहेरच्यांना यंदा दीक्षा घ्यायची आहे. अर्ज, चौकशी, पोलीस म्हटल्यावर म्हातारा बाप कचरतो आहे. त्याने कोणाचे काही चोरलेले नाही. त्याला फक्त माणूस म्हणून ताठ उभे राहायचे आहे.

कोणाला फसवून, धमकावून धर्मांतर करू नये हे योग्यच. त्यासाठी शिक्षा असावी. पण स्वखुशीने जाणाऱ्याला आधी दारात उभे करून कारण विचारणे म्हणजे मन सरकारजमा करणे होय.

मग आपण काय करावे? जनगणनेचा माणूस दारी आला की न बिचकता ‘बौद्ध’ सांगावे आणि त्याने तसेच लिहिले का ते पाहावे. गुजरातेतल्या आपल्या नातलगांना एकटे सोडू नये. अर्ज भरताना जाणता वकील आणि चार माणसे सोबत द्यावीत. आणि आपल्या गल्लीत कोणाची प्रार्थना, नमाज किंवा सत्संग दांडगाईने बंद पाडला जात असेल, तर ‘आपल्याला काय त्याचे’ म्हणून खिडकी लावून घेऊ नये. आज त्यांची पाळी, उद्या आपल्या वंदनेची.

पापडीहून निघताना आमचा फिटर मागे वळला. म्हातारबाबांना म्हणाला, “बाबा, बोललो ते मनावर घेऊ नका.” ते हसले. “पाणी प्यायलास ना? मग झाले तर. पुढच्या पौर्णिमेला या, आमच्या पडवीत बसा.” आज्यांनी हात जोडून जयभीम केला. त्यांनीही हात जोडले.