ताठलेले अवयव आणि घरची शुश्रूषा

मेंदूस जबर इजा झालेला मनुष्य वांचून घरीं आला, म्हणजे संकट टळलें असें मंडळींस वाटतें. परंतु तेथूनच एक दुसरें, संथ संकट सुरू होतें. मेंदूचा ताबा सुटला कीं स्नायु आपोआप ताठतात. कोपर दुमडतें, मूठ वळते, गुडघे एका बाजूस कलतात, पाऊल खालीं झुकतें. असेच महिने लोटले, तर स्नायु आंखूड होऊन सांधा कायमचा धरतो.

अरुणा शानबाग यांची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. 27 नोव्हेंबर 1973 रोजीं मुंबईच्या के. ई. एम. इस्पितळांत त्यांच्यावर हल्ला झाला. प्राणवायूच्या अभावीं मेंदूस इजा होऊन त्या अंथरुणास खिळल्या, त्या 18 मे 2015 रोजीं निधन होईपर्यंत. तेथील परिचारिकांनीं केलेल्या सेवेस तोड नाहीं. 2011 सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या आज्ञेनें डॉक्टरांनीं तपासलें, तेव्हां अंगावर शय्याव्रण नव्हता. सांधे मात्र आखडलेले होते. त्वचा राखणें व सांधे राखणें हीं दोन निराळीं कामें आहेत, हें यावरून ध्यानांत यावें.

रेवदंड्यासारख्या गांवीं, जेथून जिल्हा रुग्णालय अलिबागेस आणि मोठीं इस्पितळें मुंबईस, तेथें व्यायामतज्ज्ञ रोज घरीं कोठून येणार? आणि आला तरी तो तासभरच. उरलेल्या 23 तासांत शरीरास जें वळण लागेल, तें घरच्या उशा व घरचे हात लावतील तेंच.

सतत उताणें निजविल्यानें ताठरपणा पुष्कळदां वाढतो. म्हणून कुशीवर निजवावें, गुडघ्यांमध्यें उशी ठेवावी, वरचा हात दुसऱ्या उशीवर विसावूं द्यावा आणि साधारण दर 2 तासांनीं कूस पालटावी. दिवसां डॉक्टरांच्या अनुमतीनें आधार देऊन बसवावें. डोकें मध्यावर, पावलें टेकलेलीं. निजवून कधींहि भरवूं नये.

वळलेली मूठ हिसडा देऊन उघडूं नये. हिसक्यानें स्नायु अधिकच आवळतो. मनगटास आधार देऊन सावकाश ताण द्यावा व तसाच कांहीं वेळ धरावा. जोराचें मालिश टाळावें. सांधा सुजून गरम लागला, तर हात न लावतां डॉक्टरांस दाखवावा. ताठरपणा एकाएकीं वाढला, तर मलावरोध, लघवीचा दाह, एखादी जखम किंवा मांसांत रुतलेलें नख यांचा शोध घ्यावा. बोलूं न शकणाऱ्याचें दुखणें पुष्कळदां असेंच प्रकट होतें. बॅक्लोफेनच्या गोळ्या किंवा बोट्युलिनमचें इंजेक्शन डॉक्टर देतात, त्यांचा उपयोग होतो. पण योग्य स्थितींत निजविण्याची जागा तीं घेऊं शकत नाहींत.

हें सर्व एकट्या सुनेच्या माथीं मारलें, तर चार महिन्यांत तिचीच पाठ धरेल. दीर, सासरे, कॉलेजांत जाणारीं मुलें, सर्वांनीं पाळ्या वांटून घ्याव्या व वेळापत्रक भिंतीस लावावें. एकत्र कुटुंबाच्या बळाचा याहून चांगला उपयोग तो कोणता?