एलियटचा उंदीर, ग्रेचं नाव

हुबळीच्या उणकल तलावावर माजणाऱ्या जलपर्णीचं शास्त्रीय नाव फिरून मूळ पदावर आलं आहे! ब्राझीलच्या या वनस्पतीला वनस्पतिशास्त्रज्ञ मार्टियसने १८२०च्या दशकात ‘पाँटेडेरिया क्रॅसिपेस’ म्हटलं. १८८३मध्ये तिची रवानगी ‘आयकॉर्निया’ या प्रजातीत झाली. हे नाव प्रशियाचा शिक्षणमंत्री आयकॉर्न याच्या सन्मानार्थ ठेवलेलं. २०१८मध्ये संशोधकांनी नातीगोती नव्याने तपासली आणि पुन्हा पाँटेडेरिया! ‘क्रॅसिपेस’ मात्र जागचं हललं नाही. घराणं बदललं तरी जातीचं जुनं नाव सोबत न्यायचं, असा नियमच आहे.

पण या भागातली सगळ्यात रंगतदार गोष्ट आहे उंदरांची. कंपनी सरकारचा अधिकारी वॉल्टर एलियट १८२४मध्ये कित्तूरच्या लढाईत राणी चन्नम्माच्या कैदेत सापडला होता. सुटल्यावर तो याच मुलखात राहिला आणि प्राण्यांच्या नोंदी करत गेला. धारवाड तेव्हा इंग्रजांच्या लेखी ‘सदर्न मराठा कंट्री’. तिथल्या सस्तन प्राण्यांची त्याची यादी १८३९मध्ये मद्रासच्या नियतकालिकात छापून आली. तिचं मोठेपण हे, की त्यात स्थानिक लोकांनी दिलेली नावंही आहेत. तलाव खणणारे वडार घुशींची बिळं उकरून त्यातलं धान्य काढून घेत, घुशीही खात. त्यांच्याइतकी या प्राण्यांची माहिती दुसऱ्या कुणाला असणार?

मऊ केसांच्या शेतउंदराला वडार ‘मेट्टाड’ म्हणत. एलियटने त्याला ‘लॅन्युजिनोसस’, म्हणजे लोकरी अंगाचा, असं छान नाव दिलं. पण उशीर झाला होता! लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जॉन एडवर्ड ग्रेने धारवाडकडच्या नमुन्यावरून १८३७मध्येच ‘मेलटाडा’ हे नाव छापलं होतं. जो आधी छापेल त्याचं नाव टिकतं. वडारांच्या शब्दात ‘ल’ कसा शिरला कोण जाणे, पण तोही कायमचा राहिला. पुढे १९११मध्ये प्राणिशास्त्रज्ञ ओल्डफील्ड थॉमसने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डच्या नावावरून ‘मिलार्डिया’ ही प्रजाती केली. त्यामुळे आज हा उंदीर ‘मिलार्डिया मेलटाडा’: अर्धं नाव मुंबईचं, अर्धं वडारांचं.

धान्य साठवणाऱ्या घुशीला एलियटने दिलेलं ‘प्रॉव्हिडेन्स’, म्हणजे दूरदर्शी, हे नावही असंच मागे पडलं. तिचं ‘बेंगालेन्सिस’ हे नाव आधीचं, १८३३चं होतं. तरी एलियट विस्मरणात गेला नाही. ग्रेनेच एका झुडपी उंदराला ‘गोलुंडा एलियोटी’ म्हटलं, आणि ‘गोलुंडा’ आला कन्नड ‘गुलंदी’वरून.

नावाचा अर्थ चुकीचा ठरला तरी नाव बदलत नाही. चिंच मूळची आफ्रिकेची, पण लिनियसने १७५३मध्ये ‘टॅमरिंडस इंडिका’ लिहिलं ते लिहिलंच.

वनस्पती आणि प्राणी यांच्या नावांचे नियमही वेगवेगळे. म्हणून वड-पिंपळाचं ‘फायकस’ हेच नाव समुद्रातल्या एका गोगलगायीलाही आहे, आणि ‘फायकस व्हेरिएगाटा’ म्हटलं तर झाड आणि शंख दोघेही हजर!