ऑनलाइन तास जास्त का थकवतो?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि महाविद्यालयांतील प्राध्यापकांचे वर्ग काही दिवसांतच लॅपटॉपच्या पडद्यावर आले. पुढे महाविद्यालये उघडली, खडू-फळा परतला, पण ऑनलाइन काम गेले नाही. जादा तास, विभागाच्या बैठका, ‘स्वयम’वरील अभ्यासक्रम, पडद्यावर तपासायच्या असाइनमेंट हे सारे आता रोजच्या कामात मिसळले आहे. घरी खुर्चीत बसून घेतलेला तास वर्गातल्या तासापेक्षा जास्त थकवतो, अशी अनेक प्राध्यापकांची तक्रार असते. हा थकवा मनाचा खेळ नाही. त्यामागे स्पष्ट कारणे आहेत.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ बैठकांच्या थकव्याची चार कारणे मांडली: अगदी जवळून सतत रोखलेल्या नजरा, हावभाव समजून घेण्यासाठी मेंदूवर पडणारा जादा ताण, स्वतःचाच चेहरा समोर दिसत राहणे आणि एका जागी खिळून बसणे.

प्राध्यापकांच्या बाबतीत यात आणखी एक भर पडते. वर्गात डोलणारी मान, आक्रसलेली भुवई किंवा मागच्या बाकावरची चुळबुळ पाहून मुलांना किती कळले, याचा अंदाज येतो. ऑनलाइन तासाला मात्र डेटा वाचवण्यासाठी बरेच विद्यार्थी कॅमेरा बंद ठेवतात. प्रतिसाद न मिळाल्याने शिक्षक तोच मुद्दा पुन्हा सांगतो आणि आवाजही चढवतो.

घसा आणि डोळे

व्हिडिओवर माणसे समोरासमोरच्या तुलनेत सुमारे १५ टक्के मोठ्याने बोलतात, असे अभ्यासात दिसले आहे. बोलताना पुरुषाच्या स्वरतंतूंची सेकंदाला शंभराहून अधिक, तर स्त्रीच्या स्वरतंतूंची साधारण दोनशे कंपने होतात. वर्गात फळ्यावर लिहिताना किंवा मुलांचे प्रश्न ऐकताना घशाला विसावा मिळतो. ऑनलाइन तासात शांतता खटकते आणि ती भरून काढण्यासाठी बोलणे सुरूच राहते.

डोळ्यांचेही तसेच. एरवी माणूस मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो. पडद्याकडे पाहताना हे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. मग डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात.

काय करता येईल?

- स्वतःचा चेहरा दाखवणारी चौकट बंद ठेवावी.
- माइक असलेला हेडसेट वापरावा. आवाज चढवावा लागत नाही.
- तासाचे तीन भाग करून मध्ये चॅटवर प्रश्न विचारावा. मुले उत्तर लिहीत असताना घशाला विश्रांती मिळते.
- लॅपटॉप डोळ्यांच्या पातळीवर ठेवावा आणि कीबोर्ड वेगळा जोडावा.
- दर २० मिनिटांनी २० फूट लांब, २० सेकंद पाहावे. जवळ पाणी ठेवावे.
- आवाज तीन आठवड्यांहून अधिक काळ बसलेला असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

हिशेबाबाहेरचे काम

तंत्रज्ञानाचे फायदे नाकारता येत नाहीत. ध्वनिचित्रमुद्रित व्याख्यान विद्यार्थ्याला हवे तितक्या वेळा ऐकता येते, आजारपणात बुडलेला तासही भरून निघतो. पण ते तयार करायला लागणारे तास वेळापत्रकात दिसत नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत आठवड्याला किमान ४० तास काम आणि सहायक प्राध्यापकासाठी १६ तास प्रत्यक्ष अध्यापन असा हिशेब आहे. रात्री अकराला व्हॉट्सॲपवर आलेली शंका, पोर्टलवर भरायची माहिती आणि मुद्रणासाठीची तयारी त्यात कुठे बसते, हे बहुतेक ठिकाणी कोणी ठरवलेलेच नसते.

म्हणून हेडसेट आणि डोळ्यांचे व्यायाम पुरेसे नाहीत. शंकांसाठी ठरावीक वेळ, दोन ऑनलाइन तासांमध्ये सक्तीची विश्रांती आणि मुद्रणाच्या कामाची कार्यभारात नोंद, एवढे महाविद्यालयांना फारसा खर्च न करता करता येईल. शिकवणाऱ्याचा घसा आणि डोळे शाबूत राहिले, तर त्याचा पहिला फायदा वर्गातल्या मुलांनाच होणार आहे.