डॉट कॉम घ्यावे की डॉट इन?

मालेगावचे लुंगीवाले असोत की सोलापूरचे चादरवाले, नवी वेबसाइट काढताना व्यापारी बांधव आम्हाला एकच सवाल करतात : नावाच्या शेवटी डॉट कॉम असले तर गुगलवर दुकान वर दिसते काय?

जवाब सरळ आहे : नाही. डॉट कॉम असो की नवे डॉट शॉप, आपण सर्वांना एकाच तराजूत तोलतो, असे गुगलने 2015 साली जाहीर केले. 'शॉप' शब्दाला जादा वजन नाही.

फरक पडतो तो देशाच्या अक्षरांनी. डॉट इन पाहून माल भारतातील गिऱ्हाइकासाठी आहे, असे गुगल समजते. धंदा देशातच असेल तर डॉट इन खुशाल घ्यावे. दुबई-लंडनला माल पाठवायचा असेल तर डॉट कॉम बरे.

स्वस्ताईला भुलून आम्ही एक नाव घेतले. दुसऱ्या वर्षी नूतनीकरणाला कित्येक पट पैसे पडले. नाव बदलावे तर गुगलवर पुन्हा जम बसायला वेळ लागतो. म्हणून नूतनीकरणाचा दर आधीच विचारावा, नोंदणी स्वतःच्याच नावे करावी. बाकी मेहनत कापडाचा पोत, पन्हा, भाव नीट लिहिण्यावर करावी. गिऱ्हाईक तेच शोधत असते.