एमएस्सीला वळसा घालून पीएचडी?

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ दिंडोरी रोडला, म्हसरूळला आहे. त्यामुळे नाशिकमध्ये नर्सिंग शिकवणाऱ्या बाईला भाजी घेताना, लग्नाच्या पंगतीत, कुठेही प्रवेशाबद्दल विचारायचा लोकांना परवानाच आहे. माझी तक्रार नाही. पण हल्ली एक प्रश्न घोषणेसारखा येतो: "मॅडम, चार वर्षांचं बीएस्सी झालं की आता थेट पीएचडी. एमएस्सीची दोन वर्षं वाचली की नाही?" आणि लगेच मोबाइल पुढे.

नियम खोटा नाही, हीच पंचाईत. यूजीसीच्या ७ नोव्हेंबर २०२२ च्या पीएचडी नियमावलीत चार वर्षांच्या, आठ सत्रांच्या पदवीला ७५ टक्के असतील तर पीएचडीच्या प्रवेशाला पात्र धरलं आहे. राखीव प्रवर्गांना ५ टक्के सूट. बीएस्सी नर्सिंगही चार वर्षांचं, आठ सत्रांचं. झालं, फॉरवर्ड तयार! पण त्या नियमावलीच्या नावातच 'किमान' हा शब्द आहे. किमान पात्रता म्हणजे प्रवेशाची हमी नव्हे. विद्यापीठ त्याहून जास्त मागू शकतं, आणि नर्सिंगमध्ये आजवर तेच होत आलं आहे. भारतीय नर्सिंग परिषद आणि बंगळूरचं राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ यांचं पीएचडीसाठीचं राष्ट्रीय कन्सोर्शियम घ्या. तिथे एमएस्सी किंवा एमफिल नर्सिंग लागत आलं आहे.

समजा, कुठे तरी मिळाला प्रवेश. पुढे काय? बहुतेकांना पीएचडी हवी असते ती शिकवण्याच्या नोकरीसाठी. परिषदेच्या निकषांत सहायक प्राध्यापकाला एमएस्सी नर्सिंग आणि शिकवण्याचा तीन वर्षांचा अनुभव लागतो. प्राचार्याला एमएस्सी आणि पंधरा वर्षांचा अनुभव. पीएचडी? ती 'असल्यास उत्तम'. म्हणजे वाचवायला निघालात ती एमएस्सी सक्तीची, आणि जिच्यासाठी धावताय ती ऐच्छिक. हे मी एका पालकांना तीनदा सांगितलं. चौथ्यांदा त्यांनी विचारलं, "पण नेट दिली तर?" यूजीसी नेटच्या विषयांत नर्सिंगच नाही हो!

बीएस्सीनंतर लगेच एमएस्सीही करता येत नाही. पदवीला ५५ टक्के, नोंदणी आणि किमान एक वर्षाचं काम हवं. पालकांना हे वर्ष वाया गेल्यासारखं वाटतं. मला उलट वाटतं. अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची, हे पहिल्या वर्षाच्या मुलीलाही पाठ असतं. मग रात्रपाळीत तीस पेशंटमागे एक सिस्टर असते. चार्टवर बारा, दोन, चार अशा सह्या असतात आणि सकाळी माकडहाडावर लाल चट्टा दिसतो. सही आहे, कूस बदललेली नाही. का? हा पीएचडीचा विषय झाला. पुस्तकात तो सापडत नाही, आणि ज्या मुलीने ती रात्र काढलेली नाही तिला सुचतही नाही.

हिशेब घाला: चार, एक, दोन आणि पीएचडीची किमान तीन. दहा वर्षं. पीएचडीची मुदत सहापर्यंत जाते, तेव्हा दहा हा आशावादी आकडा.

"अमेरिकेत तर थेट होते." होते, तिथे बीएसएन या नर्सिंगच्या पदवीनंतर पीएचडीचे कार्यक्रम खरंच आहेत. पण एमएस्सीच्या पातळीचा अभ्यास त्यांनी त्याच कार्यक्रमात घातलेला असतो. तो टळत नाही. शिवाय तिथली डीएनपी ही पदवी वेगळी. ती प्रत्यक्ष रुग्णसेवेतल्या प्रावीण्यासाठी असते, संशोधनासाठी नाही. पुतणी ह्यूस्टनला 'नर्सिंगमध्ये डॉक्टर' होतेय असं कोणी सांगितलं, तर आधी विचारा, यांतली कोणती?

जीएनएम पदविकावाल्यांना पीएचडीचा रस्ता बंद, हेही खोटं. पोस्ट बेसिक बीएस्सी आणि एमएस्सी करून जाता येतं, फक्त लांबून.

घरबसल्या, दूरस्थ पद्धतीने पीएचडी? यूजीसीने ती बंद ठेवली आहे. नोकरी सांभाळून अर्धवेळ करता येते, पण नियम तेच. कोणी 'सहा महिन्यांत पीएचडी' म्हणत असेल तर पैसे खिशातच राहू द्या.

आणि पीएचडी झाली म्हणून औषधं लिहून देता येत नाहीत. नावामागे 'डॉ.' लागतं. प्रिस्क्रिप्शनचं पॅड छापायचं नसतं.