तेरा प्रत्यय, साठ हजार रूपं

स्पॅनिशमध्ये ‘त्राबाखार’ म्हणजे काम करणे. वर्तमानकाळात त्याची सहा रूपं होतात: मी त्राबाखो, तू त्राबाखास, तो किंवा ती त्राबाखा, आम्ही त्राबाखामोस, तुम्ही त्राबाखाइस, ते त्राबाखान. समजा, असे नियमित धातू १०,००० आहेत. मग रूपं झाली ६०,०००. मिनिटाला दहा या वेगाने घोकायला बसलं तर १०० तास लागतील, म्हणजे न झोपता, न जेवता चार दिवस आणि वर चार तास. तेही एकाच काळासाठी!

आता नुसत्या शेपट्या मोजा. धातूंचे गट तीन: आर, एर आणि ईर. पहिल्या गटाचे प्रत्यय ६. दुसऱ्यात ‘मी’चा ‘ओ’ तोच राहतो, नवे फक्त ५. तिसरा गट दुसऱ्याचेच चार उचलतो, नवे उरतात २. एकूण १३. मेक्सिकोत ‘तुम्ही’चं वेगळं रूप वापरतच नाहीत, त्यामुळे तिथे १० प्रत्ययांत भागतं.

भिलाईत असाच हिशेब रशियनच्या रूपाने येऊन गेला. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघाचा करार झाला, वर्षाला १० लाख टन पोलाद काढणारा कारखाना तिथे ठरला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं. सोव्हिएत तज्ज्ञांबरोबर त्यांची भाषाही आली. रशियनमध्ये काम करणे म्हणजे ‘राबोतात’. मी राबोतायू, तू राबोतायेश, तो राबोतायेत. इथेही रूपं सहाच. गट दोन, ‘मी’चा प्रत्यय सामाईक, म्हणून ६ अधिक ५, एकूण ११.

आपली मराठी त्याहून काटकसरी. तो, ते, तोस, तेस, तं, ता, तात: बोलीत सात प्रत्ययांवर वर्तमानकाळ चालतो, आणि त्यातच बोलणारा पुरुष की बाई तेही कळतं. स्पॅनिश आणि रशियनच्या वर्तमानकाळाला ते सांगता येत नाही.

पाणिनीच्या संस्कृतचा पसारा सगळ्यांत मोठा. धातुपाठात सुमारे २,००० धातू, लकार म्हणजे काळ-अर्थांचे प्रकार १०. परस्मैपद आणि आत्मनेपद यांपैकी एकाच पदाची ९ रूपं धरली तरी गुणाकार १,८०,०००वर जातो. दोन्ही पदांचे मूळ प्रत्यय मात्र १८, आणि अष्टाध्यायीत ते सगळे एकाच सूत्रात मावले आहेत.

रूपं गुणाकाराने वाढतात, पाठांतर बेरजेने. ‘असणे’, ‘जाणे’ असे रोजच्या वापरातले काही धातू नियम मोडतात, ते सुटे घोकावेच लागतात. पण नव्या धातूचा भार पडत नाही. इंटरनेटवर शोधण्यासाठी स्पॅनिशने ‘गूगलेआर’ बनवला आणि ‘आर’ गटात टाकला. त्या दिवशी भाषेत वर्तमानकाळाची ६ रूपं वाढली. शिकणाऱ्याच्या यादीत प्रत्यय वाढले शून्य.