थंडीत दार लावून सोडवायचं खुनांचं कोडं

लांब हिवाळा आणि रहस्यकथा यांचं इंग्लंडमध्ये जुनं नातं आहे. ॲगाथा ख्रिस्तीची नवी कादंबरी नाताळच्या तोंडावर यायची, हे तिथल्या वाचकांना सवयीचं झालं होतं. १९३१ च्या 'द सिटाफर्ड मिस्ट्री'त अख्खं गाव बर्फामुळे जगापासून तुटतं. १९३४ च्या 'मर्डर ऑन द ओरिएंट एक्स्प्रेस'मध्ये तर गाडीच बर्फात रुतते.

पण त्याच १९३४ मधलं माझं खरं लाडकं पुस्तक म्हणजे 'केन्स जॉबोन'. लेखक एडवर्ड पॉवीस मॅदर्स. 'टॉर्केमाडा' या नावानं ते 'द ऑब्झर्व्हर'साठी अतिशय अवघड शब्दकोडी रचत. या कादंबरीची १०० पानं मुद्दाम उलटसुलट छापली आहेत. योग्य क्रम लावायचा आणि सहा खुनांतले बळी व खुनी ओळखायचे. पानं लावण्याच्या शक्यता किती? १५८ आकडी संख्या! त्यात प्रत्येक पान पूर्ण वाक्यानं संपतं, त्यामुळे तुटलेली वाक्यं जोडण्याची सोयच नाही. आधार फक्त निवेदकाच्या बोलण्याचा, तारखांचा आणि कवितांच्या संदर्भांचा.

त्या काळी दोघांनाच ते सुटलं. २०१९ मध्ये पुस्तक पुन्हा निघालं आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये विनोदी लेखक जॉन फिनेमोर यांनी ते सोडवून १००० पौंडांचं बक्षीस मिळवलं. घरात अडकलेल्या माणसासाठी याहून सुंदर उद्योग मला माहीत नाही.

इंग्रजी जड वाटली तर आधी ख्रिस्ती वाचा. शेवटच्या प्रकरणाआधी थांबा, खुन्याचं नाव कागदावर लिहा आणि मगच पान उलटा.